वशिंडाची ओळख : वाचकांचे प्रश्न, गुरांच्या डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात लाळ-खुरकुताच्या लसीबद्दल लिहिताना मी सहज एक ओळ टाकली होती. लेकीकडं अमेरिकेत होतो तेव्हा ओक्लाहोमा सिटीतलं काऊबॉय म्युझियम बघितलं आणि तिथं आपल्या कृष्णाकाठच्या जनावरांची आठवण झाली, एवढीच. लाळ-खुरकुतावर एकही पत्र आलं नाही. म्युझियमवर पिशवीभर आली. बरं, तसं तर तसं. बत्तीस वर्षं चिक्कोडी-रायबाग भागातल्या गुरांच्या दवाखान्यांत काढलेल्या माणसाला प्रवासवर्णन जमेल तेवढंच जमणार, हे धरून वाचा.

प्रश्न : आम्ही दोघं दिवाळीनंतर डॅलसला मुलाकडं चाललोय. मुलगा म्हणतो, तुम्हाला ते काऊबॉय म्युझियम दाखवतो. मंडळी म्हणतात, जन्मभर शेण काढलं, आता तिकडं जाऊन पण गुरंच बघायची काय? जावं की राहू दे?
– एक शेतकरी, अंकली

उत्तर : जावा की! डॅलसहून ओक्लाहोमा सिटी म्हणजे बेळगावहून पुणं जेवढं, साधारण तेवढंच. खरं मध्ये तवंदी घाट नाही, सरळ सपाट रस्ता. तीन-साडेतीन तासांत पोचता.

वहिनींना सांगा, म्युझियमात गुरं नाहीतच. आहे ते गुरांमागच्या माणसाचं सामान. खोगिरं, दोर, डाग द्यायच्या सळ्या, बूट, तारा. १९५५ साली ह्याची कल्पना निघाली, पश्चिमेकडच्या १७ राज्यांनी मिळून ती उचलून धरली आणि १९६५ ला दारं उघडली. आज नाव लांबलचक आहे, नॅशनल काऊबॉय अँड वेस्टर्न हेरिटेज म्युझियम. चित्रं-पुतळेही पुष्कळ आहेत, जाणकार त्यासाठीच येतात म्हणे. मी त्यातला नव्हे, भराभर पुढं गेलो.

मी सगळ्यात जास्त वेळ उभा राहिलो तो काटेरी तारेपुढं. हातभर लांबीचे तुकडे ओळीनं लावलेत. कुठल्याचा काटा दोन टोकांचा, कुठल्याचा चार टोकांचा, कुठली तार पट्टीसारखी चपटी. १८७४ साली इलिनॉयमधल्या जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्यानं दोन तारांच्या पिळात काटा असा अडकवला की तो सरकेना, आणि त्याचं पेटंट घेतलं. युक्ती एवढीशी. खरं त्या एवढ्याशानं शेकडो मैलांचं मोकळं रान दहा-पंधरा वर्षांत बांधाबांधांत कापलं गेलं आणि मोकळ्या रानात कळप हाकणाऱ्या पोरांचं काम बसलं. लेक म्हणाली, "बाबा, अर्धा तास तारच बघताय?" तिला काय सांगणार? नोकरीत असताना बांधावरच्या तारेनं फाटलेली किती सडं शिवली असतील मी. म्हैस पाडायची, मानेवर एक आणि मागच्या पायांवर दोन गडी बसवायचे, गोठ्यात तिचं रेडकू ओरडतंय, मालकीण पदर तोंडाला लावून उभी. दूध ओघळतंय त्यातनंच टाके घालायचे. आणि एवढं करून त्या सडातनं धार नीट येईल ह्याची खात्री नाही. मोठी जखम असली तर निभते, सडाचं तसं नसतं. त्या फळीवरच्या एका तुकड्याचा काटा तर डिट्टो आपल्याकडं मिळतो तसलाच.

तारेआधीचं काम कसं होतं ते आपल्याकडच्या धनगरांना एका वाक्यात कळेल. टेक्सासात जनावर उदंड, भाव कवडीचा. रेल्वे तिकडं वर कॅन्सस राज्यात. मग १८६७ पासून दोन-दोन, तीन-तीन हजारांचा कळप दहा-बारा जणांनी हाकत न्यायचा, दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर, असे दोन-तीन महिने. ह्या वाटेचं नाव चिझम वाट, ती ह्याच ओक्लाहोमातनं जायची. पुढं स्वयंपाकाची गाडी, रात्री पाळीपाळीनं कळपाभोवती घोड्यावरनं फेऱ्या, आणि जनावर बुजू नये म्हणून हळू आवाजात गाणी. आपले धनगर रात्री वाघर लावून मेंढरं आत घालतात, कुत्री राखणीला. त्यांच्याकडं वाघर नव्हती, गाणंच काय ते कुंपण. वीज कडाडली की अख्खा कळप उधळायचा.

आता मुख्य गोष्ट. म्युझियम बघून झालं की गावाच्या दुसऱ्या टोकाला स्टॉकयार्ड्स सिटीत जा, आणि ते सोमवारी-मंगळवारी जमेल असं ठरवा, कारण जनावरांचा लिलाव तेव्हा असतो. १९१० पासूनचा बाजार आहे. वर लाकडी पूल बांधलाय, त्यावरनं चालत खाली कोंडवाड्यांमागून कोंडवाडे दिसत जातात, नजर पोचत नाही. आपल्या बाजारात हेडी टॉवेलाखाली बोटं धरून भाव करतो आणि शेजारच्याला पत्ता लागत नाही. तिथं सगळं उघड्यावर, एक माणूस माईकवर एका श्वासात आकडे बोलतो. पहिली दहा मिनिटं मला वाटलं मंत्रपुष्पांजली चाललीय. मग हळूहळू आकडे सुटे होऊन कानावर येऊ लागले. समोरचा घेणारा फक्त भुवई हलवतो.

बहुतेक सगळी जनावरं काळी, शिंगाबिगरची, चौकोनी अंगाची. मध्येच एक कालवडींचा घोळका आला तो वेगळा. कान लांब लोंबते, गळ्याखाली कातडीची पोळी, खांद्यावर थोडा उंचवटा. मी लेकीचा हात दाबला. शेजारी बसलेल्या टोपीवाल्या म्हाताऱ्याला तिनं विचारलं, तर तो म्हणाला, ह्यांच्यात जरासा "कान" आहे. तिथं ब्राह्मन रक्ताच्या जनावराला असंच म्हणतात. आणि कान असला की भाव थोडा कमी.

ही ब्राह्मन जात म्हणजे काय? १८५४ ते १९२६ मध्ये हिंदुस्थानातनं तीनशेच्या आतच जनावरं अमेरिकेत गेल्याची नोंद आहे, त्यातही बहुतेक सगळे वळू. गीर, गुजरातचं कांक्रेज, आंध्रातलं ओंगोल, आणि थोड्या प्रमाणात कृष्णा व्हॅली. म्हणजे तुमच्या अंकली-मांजरीच्या नदीकाठचं, काळ्या चिकट रानात नांगर ओढणारं, थोराड हाडाचं जनावर. ऊन सोसतं, गोचीड कमी लागते, निकस चाऱ्यावर तगतं, म्हणून टेक्सास-लुइझियानाच्या उकाड्यात त्याची गरज पडली. १९२४ ला त्यांनी ह्या जातीची संघटना काढून वंशावळ्या लिहायला सुरुवात केली. आपण मात्र ट्रॅक्टर आल्यावर कृष्णाकाठचा बैल सोडून दिला. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला बाजारात तशा जोड्या दिसायच्या. शेवटची शेवटची दहा वर्षं कुणी "साहेब, कृष्णाकाठचा खोंड आहे" म्हणून दाखवायला आणला की निम्म्या वेळा तो खिलारचा संकर निघायचा.

लिलावातलं जनावर शेवटी कुठं जातं हे मी लपवत नाही. वहिनींना ते सोसणार नसेल तर त्यांना लेकासोबत पलीकडच्या खोगिरांच्या दुकानात बसवा. तिथला कातडी कारागीर काम करत असतो, बघण्यासारखं असतं.

प्रश्न : मी शुद्ध शाकाहारी. गुडघे दुखतात. सुनेला हे म्युझियम बघायचंय. चालायचं किती आणि खायचं काय?
– एक वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : ताई, दारातच चाकाची खुर्ची मागा, लाजू नका. सगळं एकाच पातळीवर पसरलंय, जिन्यांचा त्रास नाही. खरं पसरलंय खूप. रविवारी दुपारी बाराला उघडतं. हे आम्ही सकाळी दहाला दारात उभं राहून शिकलो. दोन तास गाडीत बसून लेकीनं करून आणलेल्या दशम्या आणि शेंगाची चटणी संपवली, त्यामुळं पुढचा उपवास टळला. तुम्हीही डबा न्याच.

बाहेर खायचंच तर भेंडी विचारा. चेष्टा नव्हे. मक्याच्या पिठात घोळवून तळलेली भेंडी, मक्याचा पाव आणि चवळी हे तिन्ही ओक्लाहोमाच्या सरकारी 'राज्यभोजना'त १९८८ पासून आहेत. भेंडी बिनधास्त खा. फक्त तळायचं तेल कशाचं, तेवढं विचारा. चवळी मात्र विचारल्याशिवाय नको, तिच्यात डुकराच्या मांसाचा तुकडा चवीला टाकायची पद्धत आहे आणि वरनं कळत नाही. पालेभाजीचंही तेच. "मांस नको" म्हटलं की ते तुकडे काढून देतात, म्हणून "शिजवतानाच नको" असं सुनेला म्हणायला सांगा.

शनिवारी दुपारी बाराला अख्ख्या शहरात भोंगा वाजला तर घाबरू नका. वावटळीचा, म्हणजे टॉर्नेडोचा, भोंगा आहे, दर शनिवारी तपासून बघतात. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी हातातला चहा टाकून पलंगाखाली शिरायच्या बेतात होतो, नातू हसून लोळला. तीच गोष्ट शनिवार सोडून इतर दिवशी झाली, तर मात्र खरंच आडोशाला शिरा. एप्रिल ते जून जपून.

प्रश्न : काऊबॉय म्हटलं की मुलांना पिस्तूल आणि मारामारी आठवते. असल्या ठिकाणी नातवंडांना न्यावं का? त्यांच्यासाठी काय आहे?
– एक निवृत्त शिक्षक, खानापूर

उत्तर : गुरुजी, शब्द बघा ना, गाईचा पोरगा. म्हणजे गुराखी. वयं बहुतेकांची वीस-बावीस, पगार महिना तीस-चाळीस डॉलर, आणि दिवसभर धूळ. पिस्तुलांचं दालन म्युझियमात आहे, नाही असं नाही, खरं मुलांना आधी दोरापाशी न्या.

त्यांचा धंदा मूळचा मेक्सिकोच्या स्पॅनिश बोलणाऱ्या गुराख्यांकडनं आला. स्पॅनिशमध्ये गाय म्हणजे 'वाका', गुराखी 'वाकेरो', दोर 'रेआता'. त्याचंच इंग्रजीत 'लॅरिएट' झालं. गळ्यातला रुमाल 'बॅन्डाना', तो शब्द आपल्याच बांधणीचा. जाड पँट 'डंगरी', ती मुंबईच्या डोंगरीची. नातवंडांना हे कोडं घाला, बघा कशी दालनभर शोधत फिरतात.

खोगिराच्या पुढच्या टोकाला एक खुंटा असतो. फासा टाकून वासरू धरलं की दोराचं दुसरं टोक चटकन त्या खुंट्याला गुंडाळायचं, म्हणजे ओढ माणसाच्या हाताला न बसता घोड्याच्या अंगावर जाते. वासरू तिकडनं ओढतंय, घोडा इकडं पाय रोवून मागं सरतोय, आणि मध्ये क्षणभर दोराचा वेढा पडताना अंगठा वर नसला तर तो गेलाच. जुन्या फोटोंत अंगठा नसलेले हात दिसतात. टेक्सासवाले म्हणूनच दोर आधीपासूनच खुंट्याला पक्का बांधून ठेवायचे. मग अंगठा वाचायचा, खरं जनावर भारी पडलं तर सुटायचं कसं? दोन्ही पंथ अजून भांडतात. आमच्याकडं रायबागच्या बाजूला एका गड्याचं बोट दाव्याच्या वेढ्यात असंच गेलं होतं. खोंड बुजला आणि दावं खुंटीवर आवळलं. मीच टॉवेल बांधून त्याला माणसांच्या दवाखान्यात नेलं.

डागाच्या सळ्यांपुढं मुलांना वाचायला शिकवा. डाग म्हणजे मालकाची खूण. तो डावीकडनं उजवीकडं, वरनं खाली वाचायचा. अक्षर आडवं पडलं असेल तर ते 'आळशी', खाली कमान असेल तर 'झुलतं', पंख असतील तर 'उडतं'. आडवा 'आर' म्हणजे आळशी आर! सॅम्युअल मॅव्हरिक नावाच्या टेक्सासवाल्यानं आपल्या वासरांना डागच दिले नाहीत, म्हणून बिनडागाचं मोकाट वासरू म्हणजे 'मॅव्हरिक' झालं. (जाता जाता : खांदा सुजला, पाय लचकला म्हणून बैलाला तापल्या विळ्यानं डागणं बंद करा. ती ओळख नव्हे आणि औषधही नव्हे. किती वर्षं सांगतोय.)

आणखी एक त्यांना सांगा. कळप हाकणाऱ्यांत चारातला एक काळा होता असा इतिहासकारांचा अंदाज आहे. पडद्यावर ते दिसले नाहीत. बिल पिकेट नावाच्या टेक्सासच्या काळ्या गड्यानं धावत्या घोड्यावरनं बैलावर उडी मारून त्याची शिंगं पिळायची आणि वरचा ओठ दातात धरून त्याला लोळवायचं, हा खेळ गाजवला. ऐकून हसू येतं. पण नाक-ओठ ताब्यात आला की जनावर ताब्यात आलं, म्हणून तर आपण वेसण घालतो. पिकेट १९३२ ला गेला आणि ह्या म्युझियमच्या रोडिओवीरांच्या (रोडिओ म्हणजे गुराख्यांच्या कसरतींचा खेळ) यादीत १९७१ ला आला, काळ्या लोकांतला पहिला.

आत प्रॉस्पेरिटी जंक्शन म्हणून १९०० सालच्या आसपासचा एक गाव उभा केलाय. किराणा, शाळा, चर्च, बँक, लोहार. उजेड तिन्हीसांजेचा ठेवलाय. मुलांना तिथनं बाहेर काढणं अवघड जातं. बाहेरच्या आवारात खेळायची जागा आहे, तिचं नाव 'लीचोकोश्कोमो', चिकासॉ ह्या तिथल्या आदिवासी जमातीच्या भाषेत 'चला खेळूया'. नातू त्या एका शब्दावर खूश होता. पाट्या इंग्रजीत आहेत, खरं पाटी एका भाषेतली आणि घर दुसऱ्या भाषेतलं, ह्याची आपल्या भागातल्या माणसाला वेगळी सवय लावावी लागत नाही.

दारातून आत आल्यावर समोर अठरा फुटी पांढरा पुतळा आहे. थकलेला घोडा, वर वाकून बसलेला आदिवासी योद्धा, भाला खाली झुकलेला. जेम्स अर्ल फ्रेझर ह्या शिल्पकारानं १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनासाठी तो प्लास्टरमध्ये केला. प्रदर्शन संपल्यावर तो टाकूनच दिला होता, मग कॅलिफोर्नियातल्या एका बागेत उन्हापावसात भंगत उभा राहिला. १९६८ ला ह्यांनी तो आणून दुरुस्त केला. गुराख्यांच्या म्युझियमच्या दारात हाच पुतळा का, हे मुलं विचारतील. त्याचं उत्तर त्याच शहरातल्या दुसऱ्या म्युझियमात आहे, २०२१ ला उघडलेल्या फर्स्ट अमेरिकन्स म्युझियमात. ओक्लाहोमा हे नावच चॉक्टॉ भाषेतलं, 'लाल लोक'. दूरदूरच्या जमातींना घरादारातनं उठवून इथं आणून टाकलं, आणि मग १८८९ ला इथलीही जमीन गोऱ्यांना धावत येऊन खुंट्या ठोकायला मोकळी केली. आज ३९ जमाती आहेत. दोन्ही बघा, एकच बघून येऊ नका.

शहरातलं १९९५ च्या बाँबस्फोटाचं स्मारक लहानांना नेऊ नका असं मी म्हणणार नाही. गेलेल्या माणसागणिक एक अशा १६८ खुर्च्या आहेत, त्यातल्या १९ छोट्या, लेकरांच्या. आम्ही कुणी काही बोललो नाही.

प्रश्न : तिथं एका बैलाची समाधी आहे हे खरं काय? रोडिओ म्हणजे आपल्या शर्यतीसारखंच ना? बैलाला चिडवायला अवघड जागी दोरी बांधतात म्हणे.
– एक कॉलेज विद्यार्थी, अथणी

उत्तर : खरं आहे, बाळ. टॉर्नेडो नावाचा बैल. पाठीवर आठ सेकंद टिकायचं असतं, तेही एका हातानं धरून. २२० वेळा माणसं बसली, २२० वेळा पडली. १९६७ च्या डिसेंबरात ह्याच ओक्लाहोमा सिटीत फ्रेकल्स ब्राऊन नावाचा गडी आठ सेकंद टिकला. वय ४६. ह्या वयात आपल्याकडं माणूस बेंदराला बैल रंगवून झाला की कंबर धरतो. १९७२ ला बैल गेला तेव्हा म्युझियमच्या आवारात पुरला. मी तिथं चप्पल काढली. लेक म्हणाली इथं काढत नाहीत. मी म्हटलं, आपण काढतो.

शर्यतीसारखं नाही. शर्यतीत बैल आणि माणूस एका बाजूला असतात. दोरीचं म्हणशील तर ती कमरेभोवती, मागच्या पायांच्या पुढं बांधतात. तू म्हणतोस तिथं नाही. तिथं बांधली तर बैल उड्या मारणार नाही, बसकण मारेल. तरी मला खेळ आवडला नाही. जनावर उडी मारून खाली येताना त्याच्या खुबे-सांध्यावर काय ताण येतो तेच मला दिसत राहतं. धंद्याची खोड.

प्रश्न : पासपोर्ट नाही, पैसेही नाहीत. आपल्या जवळ असं काय बघायला आहे?
– एक वाचक, संकेश्वर

उत्तर : निपाणीवरनं कोल्हापूरच्या वाटेवर कणेरी मठ. तिथं बारा बलुतेदारांचा आख्खा गाव पुतळ्यांत उभा केलाय, मोट, खळं, सगळं. दुसरीकडं हावेरी जिल्ह्यात शिग्गावजवळ गोटगोडीचं रॉक गार्डन. तिथल्या सिमेंटच्या बैलांचे पाय शरीरशास्त्राप्रमाणं बरोबर आहेत, मी तपासलंय. आणि माघात चिंचलीला मायाक्काच्या यात्रेला जा, मोटारीनं नको, पाठीमागनं येणाऱ्या बैलगाड्यांच्या रांगेतनं चालत जा. जुवाखाली कुठल्या जातीचा बैल आहे ते एकेक ओळखत गेलात तर तिकीट लागत नाही.

व्हिसाबद्दल तीन पत्रं आलीत. ते माझ्या दवाखान्यात मिळत नाही.

अंकलीकर, तुम्हाला एक काम. लिलावात कानवालं जनावर दिसलं तर फोटो काढून आणा. समोरनं नको, बाजूनं काढा, वशिंड आणि पोळी दोन्ही आली पाहिजेत. आणि निघण्याआधी माळ्यावरच्या ट्रंकेत तुमच्या वडिलांच्या जोडीचा जुना फोटो असेल तर तोही काढून ठेवा. दोन्ही शेजारी शेजारी छापू.